उरलेले दोन बाण

एलादिओ सारियो डार्ट खेळून पोट भरणार आहे, हे कळलं तेव्हा अर्धं अल्मान्सा गाव हसलं आणि उरलेल्या अर्ध्याने माझ्याकडे बोट दाखवलं. कारण डार्टचं मशीन माझ्या बारमधलं. अजूनही आहे, सिगारेटच्या मशीनला लागून, संडासाच्या दाराच्या अलीकडे. सत्त्याण्णव साली मी ते बसवून घेतलं तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "चेलो, महिनाभर खेळतील आणि मग त्याच्यावर कोट टांगतील." नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मशीन काही जागचं हललं नाही.

एलादिओ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा. कातडं पसरायचं, डाग कुठे, काट्याने ओरखडलेलं कुठे ते बोटांनी चाचपायचं, साचा ठेवायचा आणि सुरी एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली की कड खराब होते. दिवसभर हेच करून तो संध्याकाळी सहाला माझ्याकडे यायचा, छोटी बिअर घ्यायचा आणि शेंगदाण्याची टरफलं जमिनीवर न टाकता बशीत ठेवायचा. एवढ्यावरूनच मला तो आवडला. बाकीची मंडळी माझ्या जमिनीला उकिरडाच समजतात.

मशीनवर त्याने पहिल्यांदा बाण टाकले ते फेर्मिनने डिवचलं म्हणून. फेर्मिन घरोघर गॅसच्या टाक्या पोचवतो. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे, आणि त्याची समजूत अशी की डार्ट हा दंडाचा खेळ आहे.

"ये की शिंप्या," फेर्मिन म्हणाला, "सुरी चालवतोस ना? मग हे पण चालव."

एलादिओने तीन बाण टाकले. तिन्ही एकाच घरात गेले, एकमेकांना चिकटून. घर मात्र चुकीचं होतं.

"अरे, वीसवर मारायचं! हे पाचचं घर आहे."

"मग पाच वीसच्या शेजारी कशाला ठेवलाय?" एलादिओ म्हणाला.

"तुझ्यासारख्यांसाठीच!"

खेळ सांगायला सोपा आहे. पाचशे एकपासून खाली यायचं, तीन-तीन बाणांच्या पाळीने. बरोबर शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण डबलच्या, म्हणजे आकडा दुप्पट धरणाऱ्या, बारीक पट्टीत नाहीतर मधल्या वर्तुळात मारायचा. आमच्या मशीनवर मधलं वर्तुळ अख्खं पन्नासचं. त्यामुळे पन्नास उरले की आमच्याकडचा कुठलाही माणूस, पिऊन तर्र असला तरी, सरळ मध्ये मारतो. लागला की दिवे नाचतात, मशीन गाणं वाजवतं आणि खेळाडू पुढे होऊन बाण उपटतो. हिशेब मशीन करतं. माणसाने फक्त मारायचं, उपटायचं आणि बिअर प्यायची.

हे एलादिओने एकवीस वर्षं केलं. प्रांताचा विजेता झाला. मग समुद्रकाठच्या हॉटेलात दरवर्षी देशभरातले खेळाडू जमतात, तिथे तीनदा पहिला आला. चषक माझ्या फळीवर आहेत, बडीशेपेच्या दारूच्या बाटल्यांमध्ये, कारण त्याच्या बायकोने, एन्कार्नाने, ते घरात घ्यायला नकार दिला. "धूळ कोण पुसणार? तू?" ती घरी बसून बुटांचे वरचे भाग शिवते. आमच्या गावातल्या निम्म्या बायका तेच करतात. स्वयंपाकघरात शिलाई मशीन, शेजारी कारखान्यातून आलेल्या पिशव्या, आणि डोळे पन्नाशीच्या आत कामातून जातात. एन्कार्ना तोंडाने फटकळ होती, पण तो स्पर्धेला निघाला की त्याच्या पिशवीत बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव ठेवायला कधी चुकली नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बारमधला राजा बारमध्ये होता. पण चौरेचाळिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात खरं डार्ट शिरलं. ते टीव्हीवरचं, इंग्रजांचं, जिथे हजारो लोक ओरडतात. त्याने खरा बोर्ड आणला आणि माझ्या मागच्या कोठीत टांगला, बिअरच्या पिंपांच्या आणि ऑलिव्हच्या डब्यांच्या मध्ये. हा बोर्ड मुका. घरं लहान, बाणांना पोलादी टोकं. आणि मधलं वर्तुळ फसवं. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठा लाल ठिपका, तो पन्नासचा. त्याच्या भोवतीची हिरवी कडी फक्त पंचवीसची. मोजायला माणूस लागतो. तो माणूस मी झाले.

"तू या क्रेटवर बस," एलादिओ म्हणाला. "मी तीन टाकीन, तू बेरीज करून मोठ्याने सांगायची. इंग्रजीत."

"इंग्रजी येत असतं तर मी इथे बटाटे सोलत बसले असते का?"

"आकडेच आहेत गं. आणि एक लक्षात ठेव. मी बोर्डातल्या बाणाला हात लावला की माझी पाळी संपली. तीन टाकलेले असोत नाहीतर एक. उरलेले मग टाकता येत नाहीत."

"आणि चुकून लागला हात तर?"

"चुकून कसा लागेल? मी काय आंधळा आहे?"

कोठीच्या भिंतीवर त्याने खडूने लिहून ठेवलं होतं, किती उरले की कुठे मारायचं. पन्नाससमोर लिहिलं होतं: दहा, मग वीसचा डबल. कारण खऱ्या बोर्डावर पन्नास उरले तर शहाणा माणूस मध्ये मारत नाही, ठिपका फार लहान. पण त्याची नजर जायचीच मध्ये. मग क्रेटवरून मी ओरडायची, "दहा!" तो खांदे उडवायचा आणि दहा मारायचा. दोन वर्षं मी ओरडले. बाहेर गिऱ्हाईक कॉफीसाठी खोळंबायचं आणि आत मी एका बाप्याला दहा मार, दहा मार म्हणत बसायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी, जानेवारीत, तो आणि फेर्मिन गॅसच्या गाडीला सुट्टी देऊन जर्मनीला गेले. तिथे चार दिवस शेकडो लोक खेळतात, आणि शेवटी मोजक्या माणसांना व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळतं, दोन वर्षांचं. एलादिओला मिळालं. फेर्मिनने फोन करून सांगितलं तेव्हा तो रडत होता. मी म्हटलं, "अरे, त्याला मिळालं ना, तू का रडतोस?" तर म्हणाला, "गप गं," आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी एलादिओने कारखान्यात राजीनामा दिला. मुकादम म्हणाला, "नीट विचार कर. तुझ्या जागी माणूस घेणार नाहीत. कापायचं यंत्र यायचंय. परत आलास तर तुला उभं राहायला टेबल नसेल." एलादिओ म्हणाला की परत यायचंच नाही. डॉमिनो खेळणारे म्हातारे कसिमिरोकाका सोंगट्यांवरून मान वर न करता म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागलाय." मी त्यांना त्या दिवशी कॉफीसोबतचा बदाम दिला नाही.

काका बरोबर होते, ते मला आवडत नाही.

दोन वर्षं तो खेळला. टीव्हीवरचं डार्ट त्याला कधी दिसलंच नाही. त्याला दिसले इंग्लंडातले क्रीडासंकुलांचे हॉल, भिंतीला लागून ओळीने बोर्ड, प्रेक्षक नाहीत, नुसती टकटक. सकाळी अकराला सामना, साडेअकराला पराभव, आणि स्वस्तातलं विमान दुसऱ्या दिवशी. मग बाकावर बसून एन्कार्नाचा पाव खायचा. त्याचं इंग्रजी एकशे ऐंशीपर्यंत होतं, तीन बाणांत त्याहून जास्त होत नाहीत म्हणून. त्यापुढे तो मुका. एकदा सलग चार सामने जिंकला. तेवढं एकदाच. हरला की फोन माझ्या बारमध्ये करायचा, घरी नाही.

"घरी का करत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"फोन उचलायला ती शिलाई मशीन थांबवते," तो म्हणाला. "मग मी सांगतो, हरलो. मग ती 'बरं' म्हणते आणि परत मशीन सुरू करते. तो आवाज ऐकवत नाही, चेलो."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यादीत तो खूप खाली होता. कार्ड गेलं. परत मिळवायचं तर परत जानेवारी, परत जर्मनी. एन्कार्ना बारमध्ये आली ती त्या नोव्हेंबरात. आल्या आल्या तिने त्याच्या समोरची बिअर बाजूला सरकवली.

"हा एक जानेवारी," ती म्हणाली. सगळ्यांसमोर. "मिळालं तर खेळ मरेपर्यंत, मी शिवत बसेन. नाही मिळालं तर संपलं. मला परत विचारायचं नाही, मी परत नाही म्हणणार नाही आणि हो म्हणणार नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि ते चषक पुस जरा. चेलोने काय तुझी मोलकरीण व्हायचं?"

त्याने खरंच उठून फडकं घेतलं. ती गेल्यावर मला म्हणाला, "आता मशीनला हात लावायचा नाही. जाईपर्यंत नाही. फक्त कोठी." आणि दोन महिने तो तसाच वागला. मित्र एका डावासाठी गयावया करायचे, हा त्यांच्यामधून वाट काढत मागे जायचा. मी क्रेटवर बसायची. पन्नास उरले की आता मला ओरडावं लागत नव्हतं. दहा, मग वीसचा डबल. दहा, मग वीसचा डबल. नजरसुद्धा मध्ये जात नव्हती. मला वाटलं, हा माणूस या वेळी जिंकून येणार.

आता रविवारचं सांगते. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते सोडून बाकीचं सांगण्यात काय अर्थ आहे?

मंगळवारी तो निघणार होता, म्हणून फेर्मिनने रविवारी दुपारी जेवणाआधीच्या व्हर्मूतच्या पेल्याला सगळ्यांना बोलावलं. विलेनाहून, काउदेतेहून जुन्या संघांतली माणसं आली. चाळीसेक तरी असतील. मी सशाचा गासपाचो शिजवला होता, मोठ्या कढईत, वर भाकरीचे तुकडे. काचेवर कोणीतरी चादर लावली होती, "जा आणि आण, एलादिओ." तो मधोमध उभा, कानापर्यंत लाल. आणि मग सुरू झालं. एक डाव. एक डाव टाक. तुझ्यासोबत खेळलो म्हणून सांगू नातवंडांना.

तो काउंटरपाशी माझ्याकडे आला. "चेलो, यांना सांग ना. मशीनवर नको. हात बिघडतो."

मी सांगायला हवं होतं. माझा बार, माझं मशीन, मागची एक वायर उपसली असती तर विषय संपला असता. पण बार गच्च भरला होता, आणि तो खेळायला उभा राहिला की कसा दिसायचा ते मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. कोठीत तो कामाला लागल्यासारखा खेळायचा. मशीनपुढे तो देखणा दिसायचा. मला ते बघायचं होतं, बस्स.

"अरे पोरा, तोंड वाकडं करू नकोस," मी म्हटलं. "चाळीस किलोमीटर गाडी हाकून आलेत लोक. एक डाव टाक. पंचवीस वर्षांत हात विसरला नाही, एका डावात काय विसरणार आहे?"

 त्याने प्लास्टिकच्या टोकांचे बाण मागितले.

एकाचे पाच डाव झाले. शेवटच्या डावात पन्नास उरले. मी क्रेटवर असते तर ओरडले असते. पण मी काउंटरमागे होते, आणि सगळ्यांबरोबर मीही ओरडत होते, "मध्ये! मध्ये!" त्याने पहिलाच बाण मध्ये मारला. वर्तुळाच्या अगदी खालच्या कडेला लागला, पण मशीनला काय त्याचं, पन्नास ते पन्नास. दिवे नाचले, गाणं वाजलं. तो दोन-तीन पावलं पुढे गेला, बाण उपटला, आणि लोकांनी त्याला उचलून घेतलं. मीसुद्धा रडले, आनंदाने. माझ्या त्या रडण्याला आता काय म्हणू!

शनिवारी जर्मनीतला शेवटचा दिवस होता. तिथले सामने दाखवत नव्हते, फक्त आकडे दिसायचे. ते आम्ही बारच्या टीव्हीवर लावले होते. तो एकामागून एक जिंकत गेला. दुपारी दोनला शेवटचा सामना लागला, जिंकला तर कार्ड. एन्कार्ना आली. स्वेटरवर दोऱ्याचे तुकडे तसेच. काउंटरला टेकून उभी राहिली, काही प्यायली नाही. समोरचा खेळाडू नेदरलँड्सचा होता. पाच डाव याचे, पाच त्याचे. अकरावा शेवटचा.

समोरच्याचे छत्तीस उरले होते, आणि पाळी एलादिओची. उरले पन्नास.

"पन्नास!" सगळे ओरडले. कसिमिरोकाकासुद्धा डॉमिनो सोडून उठले होते.

मी मनात म्हणत होते, दहा. दहा. दहा.

पडद्यावर आकडा बदलला. पन्नासचे पंचवीस झाले. आणि खाली पाळी समोरच्याची.

बारमध्ये कोणालाच कळेना. तीन बाणांत फक्त पंचवीस? दोन भिंतीवर मारले की काय? "यंत्र बिघडलंय यांचं," कोणीतरी म्हणालं. पण मी दोन वर्षं त्या क्रेटवर बसले होते. मला कळलं. एकच बाण, हिरव्या कडीत. आणि उरलेले दोन हातातच राहिले, कारण तो पुढे गेला होता.

"पंचवीस म्हणजे काय?" एन्कार्नाने विचारलं.

"अजून एक पाळी येईल," मी म्हटलं. खोटं बोलले.

समोरच्याने छत्तीस संपवले. आकडे गेले आणि त्या जागी दुसऱ्याचं नाव आलं. एन्कार्नाने स्वेटरवरचा एक दोरा काढला, माझ्या राखदाणीत टाकला आणि ती शिवायला घरी गेली.

तासाभराने फेर्मिनचा फोन आला. "सरळ मध्ये मारला, चेलो," तो म्हणाला. "दहा नाही, काही नाही. हिरव्यात लागला. आणि हा चालायला लागला. मी मागून ओरडलो, पंचांनी काही म्हणायच्या आत याने बाण उपटला पण. समोरच्याकडे हात पुढे केला. हसत होता. तो बिचारा डचवाला हात मिळवेचना, नुसता पंचांकडे बघत राहिला. मग पंच म्हणाले, पंचवीस. तरी हा हात पुढे करून उभाच."

"आता काय करतोय?"

"पाव खातोय," फेर्मिन म्हणाला.

फोन ठेवल्यावर कसिमिरोकाका म्हणाले, "जित्याची खोड, चेलो. मेल्याशिवाय जात नाही." त्यांना वाटलं ते एलादिओबद्दल बोलताहेत. मी त्यांच्या कपात कॉफी ओतली.

कारखान्यात यंत्र आलं होतं. मुकादमाने सांगितलं होतं तसंच, टेबल नव्हतं. आता एलादिओ गावाबाहेरच्या गोदामात कंत्राटावर खोकी उचलतो. बुटांचीच खोकी. बूट कुठून तरी लांबून तयार होऊन येतात, आपल्याकडे फक्त खोक्यावर नाव बदलतात. त्यातला चामड्याचा एकही तुकडा त्याने कापलेला नाही, एन्कार्नाने शिवलेला नाही. एन्कार्नाने शब्द पाळला. तिने त्याला काहीच विचारलं नाही, बोलूनही दाखवलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं तो मला म्हणाला.

वसंतात एकदा दुपारी बार रिकामा होता. मी बर्फ फोडत होते. न राहवून म्हणून टाकलं, "मी तुला त्या रविवारी खेळायला लावलं."

तो बशीत टरफलं रचत राहिला.

"ऐकलंस का? माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे कसं होईल? तू होतीस का तिथे? पाय माझे होते."

"तू नको म्हणत होतास. मी..."

"चेलो, पुरे." त्याने बशी बाजूला सरकवली. "मला माहीत होतं ते पंचवीस आहेत. म्हणजे डोळ्यांना दिसलं होतं, हिरवं. पण बाण लागल्यावर मला गाणं ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, तुझ्या या डबड्याचं. आणि मी चालायला लागलो. ती दोन-तीन पावलं चालताना मला वाटत होतं, आता एन्कार्नाला घरी फोन करायचा. आज घरीच करायचा."

मी बर्फ फोडायचं थांबवलं. दोन वर्षं ज्या घरी त्याने हरल्याचा फोन टाळला, तिथे जिंकल्याचा करायचा राहिला.  

मशीन काढून न्यायला मी कंपनीच्या माणसाला सांगितलं होतं. एलादिओनेच नको म्हटलं. "मग शनिवारी मी कुठे जाऊ?" असं विचारलं. म्हणून ते आहे. शनिवारी दुपारी फेर्मिनच्या संघातून तो खेळतो, खालच्या गटात, लठ्ठ आणि खोकणाऱ्या लोकांविरुद्ध. जिंकतो. त्याला कोण हरवणार इथे?

पण पन्नास उरले आणि त्याने मध्ये मारला की तो आता पुढे जात नाही. दिवे नाचतात, गाणं वाजतं, समोरचा खेळाडू हात पुढे करतो, आणि हा रेषेवरच उभा. डाव संपलेला असतो. मशीन आता काही मोजत नसतं. तरी तो दुसरा बाण उचलतो आणि नऊवर मारतो. मग तिसरा, आठच्या डबलमध्ये. पंचवीसातून नऊ गेले, उरले सोळा. सोळातून सोळा.

पहिल्या वेळी लोक हसले होते. "अरे शिंप्या, संपला की डाव!" म्हणाले. आता कोणी हसत नाही. समोरचा हात मागे घेतो आणि थांबतो, फेर्मिन बूट बघत बसतो, आणि दोन्ही बाण टाकून होईपर्यंत मी नळ बंद ठेवते.

दोन्ही लागतात. दर शनिवारी लागतात, एकदाही चुकलेले मी पाहिले नाहीत.